बशीतलं पाणी

केदारखेड्याच्या फाट्यावर मी रोज सकाळी शाळेला जायला एसटीची वाट पाहतो. तिथल्या चहाच्या टपरीवर एक माणूस असायचाच. गळ्यात रुमाल, चहाच्याच रंगाच्या मिशा. नाव मी कधी विचारलं नाही.

लेकीला नर्सिंगला घातलं, तशी त्यानं बिडी सोडली, चहाही सोडला. टपरी मात्र सोडली नाही. कपबशी मागून घ्यायचा, कपात माठातलं पाणी भरायचा, ते बशीत ओतायचा, मनापासून फुंकर मारायचा आणि फुर्रकन ओढायचा. टपरीवालाही कुरकुर न करता त्याची बशी विसळून ठेवायचा.

एकदा मला राहवलं नाही. "काका, थंड पाणी कशाला फुंकून राह्यले?"

"सर, खर्चा चहाचा बंद केला, बैठकीचा न्हाई. न फुंकता प्यालो तर मंग मी नुसता तहानलेला माणूस दिसंल!"

आम्ही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं तोच. खरं सांगतो, माझ्या पगारी चहाला त्याच्या पाण्याची चव नव्हती.

मागच्या महिन्यात तो जवळजवळ पळतच आला. "सगळ्यांना चहा! लेक दवाखान्यात नोकरीला लागली!"

वाफाळता चहा आला. दोन वर्षं थंड पाणी फुंकणाऱ्या त्या माणसानं बशी तशीच तोंडाला लावली. जीभ चांगलीच पोळली.

"अहो, फुंका की!" आम्ही सगळे ओरडलो.

भिजल्या मिशा पुसत त्यानं दुसरी बशी ओतली. "आज फुंकत बसायला टाइम कुणाला हाय, सर?"