बुटातला जवळा

बोरिवलीत आमची इमारत आणि नॅशनल पार्क यांच्यामध्ये फक्त एक गल्ली आहे. त्यामुळे आमच्या घरात केळी वॉशिंग मशीनमध्ये राहतात, पाव ओव्हनमध्ये, आणि पाहुण्यांना 'या बसा'च्या आधी 'दार लावा, माकड येईल' ऐकावं लागतं. एवढ्या भांडवलावर माझा नवरा स्वतःला प्राण्यांचा जाणकार समजतो. राजस्थानच्या वाळवंटात पाठीवर सामान घेऊन चालायचं ठरलं, तेव्हा तो म्हणाला, "बिबट्याच्या शेजारी राहणारी माणसं आपण. कोल्हे-उंदीर आपलं काय वाकडं करणार?"

चालणारे आम्ही तिघं. तो, मी आणि वन्सं, म्हणजे त्याची थोरली बहीण. वन्संनी उभ्या आयुष्यात प्रत्येक सहलीला एकच काम केलं होतं. बाकीचे गड चढत, धबधब्यात भिजत, आणि वन्सं पायथ्याशी बॅगा राखत. या खेपेला स्वतःची बॅग स्वतःच्या पाठीवर घेऊन त्यांना शेवटपर्यंत चालायचं होतं. भावाने परवानगी दिली, पण अटीवर. "ताई, पहिली गडबड झाली की जीपमध्ये बसायचं. चर्चा नाही." जीप रोज संध्याकाळी पाणी घेऊन यायची, म्हणजे धमकी चाकांवर तयारच होती.

दुसरी अट सुक्या मासळीची. निघण्याआधी त्याने दिवाणखान्यात आमच्या बॅगा विमानतळावर उघडाव्यात तशा उघडल्या. "सोडे नाहीत, बोंबील नाहीत, जवळा तर नाहीच नाही. त्या वासाने अख्खं वाळवंट जेवायला येईल."

"माझ्या बॅगेत काय मिळतलां तुका?" वन्सं म्हणाल्या. मालवणी बाहेर आली की वन्सं काहीतरी लपवताहेत, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

वाळवंटात पोचल्यावर नवऱ्याची राजवट सुरू झाली. सूर्य कलला की तो पत्र्याचा डबा घेऊन फिरायचा. खजूर, चिक्की, शेंगदाणे, खोकल्याच्या गोळ्या, टूथपेस्टसुद्धा त्यात जमा. मग डब्याला दोरी बांधून तो खेजडीच्या फांदीवर टांगायचा. खेजडी बुटकी, त्यामुळे डबा माझ्या कमरेशी लोंबकळे. शिवाय नियम असा, की बूट तंबूच्या आत ठेवायचे, कारण बाहेर ठेवलेल्या बुटात विंचू मुक्कामाला येतो.

वन्सं आणि मी एका तंबूत. पहिल्याच मुक्कामाला चेन ओढली आणि माझ्या नाकात वास शिरला. वास म्हणजे फारच. मी सुनेच्या मर्यादेत राहून म्हटलं, "वन्सं, रागावू नका, पण तुमचे पाय..."

वन्सं खाली मान घालून म्हणाल्या, "होय गो. घामेजतात."

"बूट बाहेर ठेवूया का? सकाळी झटकू."

त्यांनी बूट निमूटपणे बाहेर ठेवले. इतका मोठा अपमान त्यांनी इतक्या शांतपणे गिळला, की मला भरून आलं.

सकाळी एकच बूट होता.

नवरा कमरेवर हात ठेवून उभा. "दुसरा?"

"होता," वन्सं म्हणाल्या.

वाळूवर कोल्ह्याच्या नाजूक पावलांचे ठसे, आणि शेजारून काहीतरी फरफटत नेल्याची रेघ. आम्ही वरात काढल्यासारखे मागोमाग निघालो. पुढे नवरा, मग मी, शेवटी एका पायात बूट आणि एका पायात माझी सपात घातलेल्या वन्सं. टेकाडापलीकडे प्लास्टिकची फाटकी पिशवी सापडली. तिच्याभोवती वाळूत गुलाबी-पांढरं काहीतरी सांडलेलं, आणि त्यावर मुंग्यांची जत्रा. नवऱ्याने खाली वाकून एक कण उचलला, हुंगला.

"ताई. हा जवळा आहे."

मग सगळं बाहेर आलं. बॅगा तपासल्या जाणार, डब्यात सगळं जमा होणार, पण दुसऱ्याच्या बुटात कोण हात घालतं? म्हणून संध्याकाळी डबा फिरायच्या आधीच पिशवी बुटात. मी ज्याला पाय समजले, ते वर्सोव्याच्या बाजारातलं उत्तम वाळवण होतं. आणि ते गुपित राखायला वन्संनी स्वतःचे पाय बदनाम करून घेतले होते.

नवरा आता फुटणार, म्हणून मी जरा मागे सरकले. त्याने ती पिशवी उलटी करून झटकली. आदल्या दिवसभर आम्ही मुगाची खिचडी खाल्ली होती.

"सगळा खाल्लान्?" त्याने विचारलं. आवाजात बुटाच्या काळजीचा लवलेश नव्हता.

बूट पुढच्याच झुडपाखाली मिळाला. तळ शाबूत, जीभ कुरतडलेली, लेस गायब. तेवढ्यात नवऱ्याला अट आठवली. "गडबड झाली. मी जीप बोलावतो." पण फोनला रेंज नव्हती, म्हणून तो ती शोधत उंच टेकाडावर चढला. इकडे वन्संनी तंबूची दोरी कापली, बुटाला घोट्यापर्यंत करकचून आवळली, बॅग चढवली आणि पुढच्या वस्तीच्या दिशेने चालू लागल्या. तो खाली आला तेव्हा त्याच्या बहिणीची फक्त टोपी दिसत होती.

आम्ही धापा टाकत त्यांना वस्तीपाशी गाठलं, आणि समोरून त्याने बोलावलेली जीपही आली. वन्संच्या मागे वस्तीतली झाडून सगळी कुत्री, नाकं त्या एका बुटाला चिकटवून. ड्रायव्हरने दार उघडलं.

"ताई, बस आता," नवरा म्हणाला. "ठरलं होतं."

"बसव ना," वन्संनी मागे बोट दाखवलं. "ह्या सगळ्यांका बसव. माका एकटीक चलूक बरा पडात."

कुत्र्यांनी ऐकलं नाही. वन्संनीही नाही. त्या सगळ्यांना घेऊनच त्या पुढच्या टेकाडावर चढल्या, आणि नवऱ्याने ड्रायव्हरला हळूच विचारलं, जवळपास कुठे मासळी मिळते का.