रांजणात काय होतं

रहेमतुल्ला चाचांनी चाळीस वर्षांत तपासल्याशिवाय एकच माणूस खाली उतरवला, आणि तो त्यांचा स्वतःचा मुलगा होता. त्या वेळी फोन माझ्या हातात होता. बोलायचं काम माझं होतं आणि नेमकी तेव्हाच माझी दातखीळ बसली. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतला नाही, हे आमच्या जानेफळात कुणालाही विचारा.

चाचा म्हणजे विहिरीचा माणूस. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायला पंधरा-वीस गावांतून त्यांनाच बोलावणं यायचं. गाळाच्या बादल्या वर ओढणारी यारी आली, मशिनी आल्या, तरी तळाशी माणूस लागतोच, आणि तो कधी उतरणार हे चाचा ठरवत. त्यांची एक रीत होती. दोराला पेटता कंदील बांधून आधी तो तळापर्यंत सोडायचा आणि वर बसून एक विडी ओढायची. विडी संपेपर्यंत कंदील जळत राहिला तर माणूस खाली. विझला तर काम बंद, मग मालक कितीही मोठा असो. चिखलीकडच्या एका बागायतदारानं हुज्जत घातली होती, की आता बॅटऱ्या आल्या, कंदिलाचे लाड कशाला. चाचा म्हणाले, "बॅटरी आंधळी असते मालक. मेलेल्या हवेतबी जळते."

मेलेली हवा हा त्यांचा शब्द. पाला कुजला, जमिनीखालच्या पेवातलं धान्य भिजलं, काहीही आंबलं की तिथली हवा मरते, आणि मेलेली हवा जड असते, खड्ड्यात जाऊन बसते. हे मी त्यांच्या तोंडून पन्नासदा ऐकलं असेल. ऐकून न ऐकल्यासारखं.

दुसरी गोष्ट म्हणजे दारू. पाच वेळचे नमाजी लोक गावात बरेच आहेत, पण चाचांचं प्रकरण जरा कडक होतं. मेहकर रस्त्यावरचा एक बारवाला मजुरी तुम्ही म्हणाल ती घ्या म्हणत दारात उभा होता, तरी त्याच्या विहिरीचा गाळ त्यांनी काढला नाही. ज्या दोरावर माझी माणसं लटकतात तो दोर मी तिथं लावणार नाही, एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्यांचा मुलगा मुजम्मिल माझ्या वर्गात होता. वडिलांच्या हाताखाली विहिरीत उतरून उतरून तो पालीसारखा तयार झाला होता. पण विहिरी कमी होत चालल्या, बोअर वाढले, आणि दोन वर्षांपूर्वी तो एका एजंटामार्फत जॉर्जियाला गेला. जॉर्जिया कुठे आहे हे मलाही नकाशात शोधावं लागलं. कागदावर गोदामातलं काम होतं. ते तीन महिन्यांत संपलं, आणि कुणाच्या तरी ओळखीनं तो तिथल्या एका खेड्यात नाना नावाच्या म्हातारीच्या शेतावर लागला. बाईचं नाव नाना, यावर आम्ही आठ दिवस हसलो. त्या खेड्याचं नाव काही कुणाच्या जिभेवर बसलं नाही. चाचा त्याला 'मुज्जूचं गाव' म्हणायचे.

चाचांकडे बटणाचा फोन. त्यामुळे मुज्जूचे व्हिडिओ माझ्या मोबाईलवर यायचे. बसस्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं दुपारची नमाज झाली की चाचा येऊन स्टुलावर बसायचे. कधी राबिया चाचीही यायच्या, पण त्या दुकानात न येता बाहेरच पायरीवर बसत. घरात त्यांची बोली वेगळी, पण मी समोर असलो की ते सगळे आपल्या वऱ्हाडीतच बोलायचे. त्या मुलाच्या तोंडून सुखाशिवाय दुसरं काही निघत नव्हतं.

"अब्बा, इथं साठ घरं हायेत, अन् साठी घरी माह्यं जेवण झालं. कोणी आडनाव पुसत नाई, कोणाचा कोण हेबी पुसत नाई. येतो, हात धरतो, बसवून घेतो." मग भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवलेल्या लांब रोट्या. मग खिडकीतून दिसणारा बर्फाचा डोंगर. पत्र्यावर रात्रंदिवस अक्रोड पडतात आणि त्या आवाजातच झोप लागते, असं तो सांगायचा. म्हाताऱ्या नानानं त्याला लोकरीचे मोजे विणून दिले होते. त्यानं तिच्या परसात मेथी आणि मिरच्या लावल्या, आणि शेजारचे लोक मिरची खाऊन डोळ्यांत पाणी आणत होते आणि पुन्हा मागत होते. मला खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. आमच्याकडे मेथीला कुणी विचारत नाही.

चाचा ऐकत राहायचे, मग म्हणायचे, "लेकरू सुखात हाये. आता वापस कायले येते?" हे ते हसून म्हणत, पण स्टुलावरून उठताना त्यांना वेळ लागायचा.

एक व्हिडिओ मात्र त्यानं फक्त माझ्यासाठी पाठवला. घराच्या मागं एक तळघर, त्याच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठमोठे मातीचे रांजण, नुसती तोंडं वर. "पाह्य बे भागवत, हे सगळी दारू होये. द्राक्षाची. इथं प्रत्येक घरी अशीच पुरून ठेवतात. मी थेंब नाई घेत, पण द्राक्षं मीच तोडली अन् मीच तुडवली. अब्बाले सांगू नको. त्यायले वाटते मी सफरचंदाच्या बागेत हावो. तुले माह्या मायची आन हाये."

मी हसलो. विहिरीवाल्या रहेमतुल्लाचा पोरगा दारू तुडवतोय! अशी गंमत पोटात ठेवायलाही मजा येते. मी ती ठेवली.

ऑक्टोबर लागला तसं त्याच्या बोलण्यात काही बारीक गोष्टी यायला लागल्या. तळघरात रांजण नुसते खदखदतायत म्हणाला, कान लावला तर पावसासारखा आवाज येतो. तिथं थोडा वेळ थांबलं की डोकं दुखतं, पाय जड होतात. पुढच्या व्हिडिओत म्हणाला, "नाना आत जायच्या आधी खाली जमिनीवर मेणबत्ती लावून ठेवते अन् दारात उभी राहते. तिच्या धर्माचं काही असन. मी तेवढा वेळ भायेर थांबतो, आपल्याले कायले मधात पडायचं." मी तेव्हा एका गिऱ्हाईकाच्या फोनची काच बदलत होतो. एका कानानं ऐकलं. दारूचा वास डोक्यात जात असेल, असं उलट मीच त्याला लिहिलं. पुढं एक हसणारा चेहरा जोडला. तो निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि मी तो पुसत नाही.

मग तो रविवार. पाचच्या सुमारास चाचा दुकानात बसलेले असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे साडेतीन वाजले होते. तो तळघराच्या दारातच उभा होता, मागं अंधार.

"अब्बा, नाना लग्नाले गेली, उद्या येईन. एक मोठा रांजण खाली झाला हाये, पाण्यानं धुतला हाये. पण आतून घासाले कोणालेतरी उतरा लागते. नाना म्हणे मी आल्यावर करू. मी म्हणतो तिच्या येण्याआधीच करून टाकतो, म्हातारी खुश होऊन जाईन."

चाचांचा चेहरा कसा उजळला ते मला सांगता येत नाही. पोरगा गेल्यापासून त्यानं वडिलांना कामातलं काही विचारलंच नव्हतं. स्टूल पुढं ओढून ते जवळजवळ माझ्या मांडीवरच आले.

"खोल किती?"

"दीड पुरुष."

"तोंड?"

"खांदे जेमतेम जातीन एवढं."

"आत काय होतं?"

पडद्यावर मुज्जूनं वडिलांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "पाणी, अब्बा. हिवाळ्यासाठी पाणी भरून ठेवतात."

"पालापाचोळा?"

"काहीच नाई. वरून झाकण असते."

"कंदील हाये का?"

"इथं कुठचा कंदील? मोबाईलची बॅटरी हाये."

मी पाहत होतो. चाळीस वर्षांची रीत चाचांच्या ओठांवर आली होती, आणि मग ते हसले. "पाण्याच्या रांजणाले काय कंदील दाखवतं! उतर बिनधास्त. पाय टेकल्याबिगर हात सोडू नको."

"हाव अब्बा."

मला सगळं माहीत होतं. शेजारच्या रांजणांत काय खदखदतंय ते माहीत होतं, आणि आंबलं की हवा मरते, जड होते, खड्ड्यात जाऊन बसते हेही. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या, आणि त्या एकमेकींना भेटल्या नाहीत असं म्हणून मी सुटलो असतो. पण ते खरं नाही. 'पाणी' हा शब्द ऐकताच काहीतरी चुकतंय एवढं कळलं होतं. फक्त असं वाटलं, की आता दारूचं नाव काढलं तर हा म्हातारा माणूस, जो दीड वर्षानं असा हसतोय, त्याचं तोंड माझ्यासमोर पडेल. त्यापेक्षा रात्री मुज्जूला एकट्याला फोन करू. मी फोन कापला आणि चाचांसाठी चहा सांगितला.

रात्री सात वाजता फोन केला. वाजत राहिला. नऊ वाजता पुन्हा. दमून लवकर झोपला असेल म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याच नंबरवरून फोन आला, पण बोलणारा माणूस दुसराच होता. त्याचा शेजारी, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. मागं एक बाई रडत होती आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, जो मला कळला नाही. कळायची गरजही नव्हती. नाना सकाळी परत आली तेव्हा तो रांजणाच्या तळाशी बसलेला होता, गुडघ्यांवर डोकं ठेवून. मोबाईलची बॅटरी तेव्हाही चालू होती.

हे चाचांना आणि चाचींना मी सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिणार नाही.

मय्यत यायला तेरा दिवस लागले. आधी मुंबई, तिथून गाडीनं गाव. कबरीत उतरून मुलाला खाली घेतलं ते चाचांनीच, कुणालाही पुढं होऊ दिलं नाही. कागदावर लिहिलं होतं, बंद जागेत गुदमरून. गाव धरून चाललं होतं की परदेशात काय काय असतं, कुणाला माहीत.

पुढच्या आठवड्यात चाचा दुकानात आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "त्याचे सगळे व्हिडिओ दाखव. पहिल्यापासून."

मी मला हवे तेवढेच लावत होतो. पण पुढं सरकवताना माझ्या बोटाखालून तो तळघराचा व्हिडिओ लागला. मुज्जूचा आवाज दुकानभर झाला. 'हे सगळी दारू होये.' चाचांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, बंद करू नको म्हणून. मग मेणबत्तीचाही ऐकला. तो त्यांनी तीनदा लावायला लावला.

"त्या बाईले समजत होतं," ते म्हणाले. "ते त माह्यंच काम करत होती. मेणबत्तीनं."

मी रडायला लागलो. चाचा, त्यानं आन घातली होती, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

मेहकरची एसटी येऊन गेली. मग चाचा म्हणाले, "मी काय केलं असतं भागवत? रागावलो असतो. बोललो नसतो त्याच्यासंगं. लय झालं त महिनाभर. एवढंच ना?"

मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

उठताना ते माझ्या खांद्याला धरून उठले आणि खाली वाकून, जणू कुणी ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "राबियाले मी सांगतलं हाये का मी त्याले दिवा न्यायले सांगतला होता. तिनं पुसलं त तूबी तसंच सांग."

मी मान हलवली. आता माझ्या मान हलवण्याला किती अर्थ आहे ते ज्याचं त्यानं ठरवावं.

चाची शुक्रवारी आल्या. नेहमीसारख्या पायरीवर बसल्या नाहीत, पहिल्यांदाच दुकानात आल्या आणि उभ्या राहिल्या. "भागवत, तू होता तवा इथं. खरं सांग. यायनं त्याले दिवा न्यायले सांगतलं होतं?"

दारात ऊन होतं. रस्त्याच्या पलीकडे, पानटपरीच्या आडोशाला चाचा उभे होते आणि इकडेच पाहत होते.

"हाव चाची," मी म्हणालो. "सांगतलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. मग इतक्या रागानं बोलल्या की मी मागं सरलो. "मंग त्यानं ऐकलं काऊन नाई? बापाचं एवढंही ऐकू नये? एवढा मोठा झाला होता का तो तिथं जाऊन?"

तेव्हापासून त्या कबरस्तानाच्या बाजूला जात नाहीत.