चारही टायरांत बरोबर चोवीस

हे आजवर मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिच्यापासून मी साधी सुटी पैदेखील लपवत नाही. तुम्ही विचाराल, मग आताच का? ते मलाही नीट ठाऊक नाही. सांगतो, एवढंच.

पाच वर्षं झाली. तारापूरला विजेच्या कारखान्याची उभारणी चालू होती. मी साताऱ्याकडचा, खडी पुरवणाऱ्या एका लहान कंत्राटदाराकडे बोईसरला कारकून होतो. मालकांच्या जुन्या मोटारीची देखभालही माझ्याकडेच असायची. ड्रायव्हर धर्मा, बेटेगावचा.

टायरांत चोवीस पौंड हवा ठेवावी, असं मोटारीच्या पुस्तकात छापलेलं होतं. मी चाळीस ठेवायचो; हा आकडा मात्र कुणाला सांगितला नव्हता. कडक टायर कमी झिजतो, हा माझा हिशेब — आणि कडा खरोखरच झिजत नव्हत्या. टायर टिकलेले पाहून मालक एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "डोकं वापरावं तर यांच्यासारखं." ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं असेल? मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

आषाढात धर्मा कुरकुरू लागला. "भाऊसाहेब, मागली चाकं धरीत नायत. जागच्या जागी फिरतात नुसती. बांधावर तर गाडी शेपूट हलवते."

बांध म्हणजे खाडीकडेचा कच्चा रस्ता, चिकणमातीचा. एके दिवशी धर्मानं कोळीवाड्यातून जुन्या जाळ्याचा जाड दोर आणला आणि मागच्या चाकांना गुंडाळायला बसला. त्यानं चिखलात पकड मिळते म्हणे.

"ही मोटार आहे धर्मा, होडी नव्हे."

"होडी बरी, भाऊसाहेब," तो म्हणाला. "ती सरकायसाटीच केलेली हाय."

मी दोर सोडायला लावला. पण मी आकड्यांचा माणूस, नुसत्या बोलण्यावर सोडून कसं देणार? चाकाचा घेर मोजला — सात फूट चार इंच. मागच्या चाकावर खडूची खूण केली. धर्मा बांधावरून गाडी हाकतोय, मी शेजारून फेरे मोजत चालतोय. वीस फेऱ्यांत गाडी एकशे सेहेचाळीस फूट आठ इंच जायला हवी. गेली एकशे एकवीस. पंचवीस फुटांहून जास्त चाक नुसतंच फिरलं होतं.

"तुझा पाय जड आहे," मी सांगितलं. "पेडल हळू दाब."

पण मला चैन पडेना. दोन दिवसांनी तो रजेवर होता, तेव्हा मी चारही टायरांतली हवा चोवीसवर आणली, स्वतः गाडी घेतली आणि आमच्या उत्तर हिंदुस्थानी रखवालदाराला फेरे मोजायला लावलं. "बीस हो गया, बाबूजी," तो ओरडला. मी उतरून फीत टाकली. एकशे एकोणचाळीस. तोच बांध, तोच चिखल. कडक टायर फुगून मधल्या पट्टीवरच टेकत होता, आणि ती पट्टी झिजून गुळगुळीत झाली होती. कडा झिजत नव्हत्या, कारण त्या जमिनीला लागतच नव्हत्या! दोष सापडला होता, उपायही हातात होता.

मग मी काय केलं?

पंप घेतला आणि चारही टायर पुन्हा चाळीसवर नेले. मालकांना काय सांगणार होतो — की माझं डोकं चुकलं? महिनाअखेरीस नवे टायर येणार होते. तेव्हा गुपचूप चोवीस करू, असं ठरवलं. मी हे ठरवलं — शुद्धीवर असताना, हातात आकडा असताना. अजून विश्वास बसत नाही.

चार दिवसांनी, भर दुपारी, बांधाच्या वळणावर मागची चाकं घसरली. मी धर्माशेजारी बसलो होतो. आवाजसुद्धा झाला नाही. गाडी आडवी फिरली आणि त्याच्या बाजूनं बांधाखाली उलटली. मला खरचटलं. त्याचा उजवा पाय दाराखाली अडकला. कोळीवाड्यातली माणसं धावली, गाडी उचलून त्याला काढलं, बाजेवर घालून नेलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "हवा बगा. हवा जास्त हाय."

मी गाडीपाशी थांबलो — राखण म्हणून, असं सांगितलं. सगळे दिसेनासे झाले. खिशात हवा मोजायची नळी होती आणि काडेपेटी. काडीनं एकेका टायरचा व्हॉल्व दाबला. फुस्स आवाज, थांब, मोज. पुन्हा फुस्स, पुन्हा मोज. धर्माचं रक्त दाराच्या कडेवर होतं, आणि मी आकडा बरोबर चोवीसवर येतो की नाही ते पाहत होतो.

मालकांचा मिस्त्री संध्याकाळी आला. चोवीस, चोवीस, चोवीस, चोवीस. उलटलेल्या गाडीच्या चारही टायरांत सारखीच हवा कशी — हे त्यानं विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

आठव्या दिवशी पालघरच्या इस्पितळात पाय गुडघ्याखाली कापला. नवव्या दिवशी मालक तिथं गेले, मलाही नेलं. हवेत दोष नव्हता, गाडी बेफिकिरीनं हाकलीस, उगाच भाऊसाहेबांवर ढकलू नकोस, असं त्यांनी धर्माला सुनावलं आणि कामावरून कमी केल्याचं सांगितलं.

मला वाटलं, आता हा ओरडेल. मी त्यासाठी तयार होतो. धर्मानं माझ्याकडे पाहिलं, मग चादर जिथं सपाट झाली होती तिथं पाहिलं.

"चोवीस निगाली?" त्यानं मलाच विचारलं. "तुमी सोता बगितली, भाऊसाहेब?"

"हो."

"मंग माजाच पाय जड पडला असंल," तो म्हणाला. "तुमचा आकडा खोटा नसतो."

मी होकारार्थी मान डोलावली. दोनदा.