उभी धरलेली राजनंदिनी

अकोले तालुक्यातल्या डोंगरात भातशेती करणाऱ्या अमृतला मुलगी झाली, तेव्हा तिची अन्ननलिका पोटापर्यंत पोचतच नव्हती. दुसऱ्याच दिवशी पुण्यात ऑपरेशन करून ती जोडली. पण घरी आल्यावर प्यालेलं दूध आंबट होऊन वर यायचं आणि राजनंदिनी कळवळायची.

"अशा मुलांना हा त्रास बहुतेक होतोच," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "औषध चुकवू नका आणि पाजल्यावर अर्धा तास तिला उभी धरा."

मग त्याची बायको रोहिणी पाजायची आणि अमृत लेकीला खांद्याशी उभी धरून बांधावरून चालायचा. खाचरांवर धुकं उतरलं, की आपण दोघं ढगातून चाललोय असं त्याला वाटायचं. तिच्या पोटातली गुडगुड त्याला आपल्याच छातीत ऐकू यायची. अशी दोन वर्षं गेली.

परवाच्या तपासणीत आंबट दुधानं अन्ननलिकेला आलेली सूज ओसरलेली दिसली. औषध हळूहळू कमी करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मऊ भात खाऊन झाल्यावर राजनंदिनी त्याच्या हातातून खाली उतरली आणि बाहेर अंगणात खेळायला गेली. अमृत तरीही उठून बांधाकडे निघाला.

"रिकाम्या हातांनी कुठं चालला तुमी?" रोहिणीनं विचारलं.

"पायांना सवय लागली हाय," तो म्हणाला आणि चालत राहिला.