घशाखाली उतरेल ते

नवऱ्याच्या अन्ननलिकेत गाठ निघाली, त्या हिवाळ्यात आमच्या अमेरिकेतल्या, पिस्कॅटवेच्या घरातला फ्रीज चीज आणि क्रीमने भरून गेला. केमोमुळे त्याचं वजन उतरत चाललं होतं. डाएटिशियनने बजावलं, "वजन वाढल्याशिवाय सर्जरी होणार नाही. क्रीममध्ये कॅलरीज जास्त, चीजमध्ये प्रोटीन. दोन्ही पोटात जाऊ द्या."

क्रीम निदान घशाखाली उतरायचं. वरणात, रव्याच्या खिरीत, बटाट्याच्या सुपात, मी दिसेल त्यात ओतत सुटले. पण दोन-चार चमच्यांतच त्याची जीभ तुपकट व्हायची आणि तो वाटी सरकवायचा. "यार, सगळ्याला एकच चव येतेय." नागपूरचा माणूस, झणझणीत रस्सा नसला की रुसून बसणारा. आता फोडणीच्या वासानेही त्याला मळमळायचं. चीज मात्र आवडायचं, कारण खारट तेवढं त्याच्या जिभेला अजून कळत होतं. पण वितळलेल्या चीजला तार सुटते, आणि ती तार त्या अरुंद झालेल्या नळीत अडकायची.

एका रविवारी दुपारी मी गुरगुट्या भातात चीज किसून घातलं. "एवढं संपव, मग आज काही म्हणणार नाही."

त्याने घास घेतला. तो अडकलाच. सिंकवर वाकून तो ओकाऱ्या काढत होता, डोळे लाल झालेले, तोंडातून लाळ गळतेय. मी पाठ चोळत होते आणि तरी क्रीमचा कप त्याच्या तोंडाशी नेत होते. "घोटभर घे, खाली जाईल. घे ना रे!"

मुलगी जिन्यावरून धावत आली. "आई, स्टॉप! बाबा कान्ट डू इट!" तिने कप माझ्या हातातून हिसकावून घेतला.

घास उलटून पडला. मी गराजमध्ये जाऊन गाडीत बसले, काचा वर केल्या आणि जीव तोडून ओरडले.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत वजन आणखी कमी भरलं. त्यांनी सर्जरी लांबवली आणि पातळ अन्न थेट आत सोडायला त्याच्या पोटात फीडिंग ट्यूब बसवली. पहिल्यांदा तिचा पंप सुरू झाला तेव्हा ट्यूबमधून सरकणाऱ्या त्या मातकट द्रवाकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"आता जेवणावरून भांडायचं नाही," तो म्हणाला.

"नाही भांडणार," मी म्हटलं. वजन आता जागच्या जागी आहे. सर्जरीची तारीख अजून मिळालेली नाही.