गोळी उष्ण पडली

आमच्या घरी औषध सोसलं नाही की ‘उष्ण पडलं’ म्हणायचं, सब्जा भिजत घालायचा आणि विषय संपवायचा. काही वर्षांपूर्वी दाढेसाठी दिलेल्या कॅप्सूलच्या दुसऱ्याच डोसनंतर बायकोच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. मी मोठ्या अधिकाराने निदान केलं आणि गुलकंद आणला. ती बरी झाली. श्रेय गुलकंदाला, म्हणजे मलाच.

परवा तिला ताप आला, घसा धरला. चाकणहून शिफ्ट संपवून आलो आणि तिला पिंपळे सौदागरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची. “काकू, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?”

“छे, काही नाही!” मीच सांगून टाकलं.

डॉक्टर गोळ्या लिहू लागली. बायको हळूच म्हणाली, “अहो, ती दाढेची गोळी उष्ण पडली होती ना?”

“अगं, ते उष्ण. मॅडम अ‍ॅलर्जी विचारतायत.”

डॉक्टरचं पेन थांबलं. “उष्ण पडली म्हणजे काय झालं, काकू?”

बायकोने सांगितलं: गांधी, ओठ... आणि श्वासही लागला होता. हे शेवटचं मला आत्ता कळत होतं.

“तेव्हा बोलली नाहीस!”

“तुम्ही गुलकंद आणायला गेला होतात.”

“गोळीचं नाव?” डॉक्टरने विचारलं.

“लाल-पिवळी,” मी म्हणालो. कंपनीत मी क्वालिटीला आहे. एका नटाचा बॅच नंबर चुकला तर अख्खा लॉट अडवतो.

बायकोने पर्सच्या आतल्या कप्प्यातून त्या कॅप्सूलची अर्धी पट्टी काढली. परत कुणी दिली तर ओळखता यावी म्हणून इतकी वर्षं जपलेली. डॉक्टरने ती वाचली आणि स्वतः लिहिलेला कागद फाडला.

“नावं वेगळी, घराणं एकच. पेनिसिलिनचं. हे घेतलं असतं तर...” तिने नवा कागद घेतला. दुसरं औषध लिहिलं. “या घराण्याची चुलत भावंडंही आहेत. सगळीच त्रास देतात असं नाही, पण तज्ज्ञांकडून तपासून घ्या. तोवर प्रत्येक डॉक्टरला सांगायचं. अ‍ॅलर्जी म्हणूनच हं, काका.”

घरी येऊन मी ठळक अक्षरांत दोन चिठ्ठ्या लिहिल्या: ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’. एक तिच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये, एक, वर ‘पत्नीला’ असं लिहून, माझ्या कंपनीच्या गेटपासमागे.

तिने वाचून पाहिलं. “बॅच नंबर राहिला की!”

हसताना तिचा घसा दुखला, तशी तिने माझाच दंड घट्ट धरला.