मस्कतला आलेलं दुपटं

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

लग्न होऊन मी मस्कतला गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथं शुक्रवारी सुट्टी. आम्ही चौघी मराठी मैत्रिणी त्या दिवशी जरा उशिरा, समुद्राकाठच्या एका रेस्टॉरंटात जमायचो. नाश्ताही तोच आणि जेवणही तेच. ऑम्लेट, तिथली खुबूस रोटी, हमस, मग चहावर चहा — आणि गप्पा. विरारजवळच्या निर्मळ गावात, केळीच्या वाडीत वाढलेली मी. तिथं बसले की वाटायचं, आपण यांच्यातल्याच झालो.

मला दिवस गेले होते. अशाच एका शुक्रवारी त्यांच्यातल्या रश्मीनं विचारलं, बाळंतपणाला कोण येणार — आई, की बहीण? साधा प्रश्न. आणि मी म्हटलं, "बहीण नाही मला. एकटीच मी."

का म्हटलं असं? मला नंदाताई आहे. माझ्याहून बरीच मोठी. तिला लहानपणापासून फिट यायच्या. त्यापायी शाळा सुटली, लग्न झालं नाही. माझ्या वेण्या तिनं घातल्या. सायकल तिनं शिकवली — मी पडेन म्हणून मागून धरून धावत. पण 'आहे' म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. काय करते? लग्न का नाही केलं? आणि मग — माझ्या पोटाकडे वळलेल्या त्यांच्या नजरा. तेवढं टाळायला मी ताईलाच पुसून टाकलं. पुढचा घास घेतला. त्याला चवही लागली.

मग रश्मी सुट्टीवर विरारला माहेरी गेली. मला न सांगता, गंमत म्हणून, आमच्या घरीही जाऊन आली. परतल्यावर मैत्रिणींसमोर सगळं सांगत होती. आई आगाशीच्या बाजारात गेली होती. ओटीवर एक बाई दुपटं शिवत बसल्या होत्या. रश्मी त्यांना म्हणाली, एकुलती एक लेक इतकी लांब, काकूंना करमत नसेल. त्यावर त्यांनी सुई दुपट्यात खोचून ठेवली.

"मग म्हणाल्या, 'मी शेजारचीच. बघते मी त्यांच्याकडे.' वाडीतली केळी सुकवून केलेली सुकेळी खायला घातली गं मला. आणि हे तुझ्या बाळासाठी दिलंय."

पिशवीतून दुपटं काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. आईच्या जुन्या सुती साडीचं. सगळ्या हात फिरवून बघू लागल्या. तेव्हा तरी बोलता आलं असतं, नाही? मी म्हणाले, "हो, फार माया आहे त्यांची आमच्यावर."

त्यांची — असं म्हणाले मी. ताईला.

दोन दिवसांनी घरी फोन केला. ताईनंच उचलला.

"दुपटं पोचलं?"

"पोचलं."

"मऊ आहे ना?"

"आहे."

बरं, म्हणाली, आणि आईला हाक मारली.

माझी लेक त्या दुपट्यात वाढली. दर सुट्टीत आम्ही निर्मळला जातो, आणि ताई तिच्या वेण्या घालते. रश्मी येऊन गेली, हे ती एकदाही बोललेली नाही. मीही विषय काढलेला नाही. मैत्रिणी कुठं कुठं पांगल्या. त्यांच्या लेखी मी अजून एकुलतीच आहे.

ओटीवर बसलेली ती शेजारची नव्हती. ती माझी सख्खी बहीण — नंदा.